काठाचा धागा

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी, आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये सगळ्यांच्या टपालपेट्या एकाच ठिकाणी होत्या, स्विमिंग पूलच्या कुंपणाला लागून. प्रणिता रामटेके मला पहिल्यांदा तिथेच दिसली, २००५ च्या सप्टेंबरात. एक पाकीट उन्हाकडे धरून ती आत काय आहे ते बाहेरूनच वाचायचा प्रयत्न करत होती. चेहरा असा, की आत अटकेचं वॉरंट असावं. मी स्वभावानं फटकळ. म्हटलं, "अगं, फोड की. पिझ्झाचं कूपन आहे ते." ती दचकली, मग हसली, आणि अचानक मराठी कानावर पडल्यामुळे तिचे डोळे भरूनच आले. आत खरोखर पिझ्झाचं कूपन होतं. तरी तिनं ते टाकलं नाही, कारण पाकिटावर ‘इम्पॉर्टंट’ असं छापलं होतं.

मी अहिल्या. मूळची पुण्याची, तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. सल्ले देणं हा माझा दुसरा उद्योग. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा सल्ला आहे, आणि सल्ल्यापेक्षाही वाईट असं माझं एक काम आहे.

प्रणिता नागपूरची, इंदोऱ्यातली. वडील कापडगिरणीत सूतकताई खात्यात होते, गिरणी बंद पडेपर्यंत. हिनं गणितात एम.एस्सी. केलं, मग एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. नवरा रवी रसायनशास्त्रातला पीएच.डी. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका संशोधन संस्थेत त्याला नोकरी लागली, तो एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आला आणि ही त्याच्यामागून एच-फोरवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला व्हिसा. राहा, खा, लायब्ररीत जा, मुलं वाढवा. काम मात्र करायचं नाही. त्यांची मुलगी निधी नुकतीच किंडरगार्टनला जायला लागली होती. आई मराठीत विचारायची, लेक इंग्रजीत उत्तर द्यायची.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. मी जरा जास्तच मोठ्यानं "वा, वा!" म्हटलं. प्रणितानं ते शांतपणे ऐकून घेतलं. असे ‘वा वा’ तिनं पुष्कळ ऐकले असावेत. मग चहा झाला, आणि कशावरून तरी विषय निघाला म्हणून तिनं कपाटातून तिची फाइल काढून दाखवली. मार्कशीट, जातीचा दाखला, तो दाखला खरा असल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या कप्प्यात ओळीनं लावलेल्या. म्हणाली, "ताई, कागदात एवढंसं कमीजास्त झालं ना, तर अख्खं वर्ष जाते. माझं एक गेलं आहे." मला जन्मात कुठे दाखला दाखवायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, "तू उगाच फार घाबरतेस." तिनं फाइल परत कपाटात ठेवली.

रवीचं काम काय ते मला तिनंच समजावलं, स्वयंपाकघरातला एक सुती टॉवेल टेबलावर पसरून. कापूस, कागद, मक्याची धाटं, गवत, सगळं मुळात एकच, सेल्युलोज. साखरेचे बारीक मणी एका ओळीत गुंफलेले, आणि असे हजारो धागे एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले की पाण्यातही सुटत नाहीत. एक बुरशी मात्र ते खाते. महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजायला लागले, तेव्हा ती सापडली. ती जे एन्झाइम सोडते, ते एकेक धागा उचलतं, स्वतःच्या पोटातल्या बोगद्यात ओवतं आणि दोन-दोन मणी कापत पुढे सरकतं. हे नेमकं कसं होतं ते कळलं, तर मक्याच्या टाकाऊ धाटांपासून गाडीचं इंधन करता येईल. पेट्रोल महाग होत चाललं होतं, राष्ट्राध्यक्षांनी भाषणात गवताचं नाव घेतलं होतं, आणि त्यामुळे रवीच्या संस्थेला बरे दिवस आले होते.

पण इतकी बारीक गोष्ट कुठल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून रवी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायचा. लाखो अणू, प्रत्येक अणू कुणाला ओढतो, कुणाला ढकलतो, हे सगळं गणितानं. ते गणित दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी सुपरकॉम्प्युटरवर आठवडेच्या आठवडे चालायचं. प्रश्न एवढाच होता, की धागा चिकटलेल्या जागेवरून उचलायला किती जोर लागतो. आणि उत्तर येत होतं ते इतकं मोठं, की त्या एन्झाइमच्या बापालाही ते जमू नये. इकडे बुरशी तर रोज खुशाल गवत खात होती. चार महिने रवी अडकून पडला होता.

२००६ च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो पडद्यावर ते चित्र बघत बसला होता आणि प्रणिता मागे उभी राहून निधीची वेणी घालत होती. ती म्हणाली, "तुम्ही मधलाच धागा काहून ओढून राहिले?" रवी म्हणाला, सगळे तसंच करतात, मधला धागा घेतला की चारी बाजू सारख्या, गणित सोपं जातं. ही म्हणाली, "कापडातून धागा काढायचा तर कोणी मधून काढते का? काठाचा काढते ना."

गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या मुलीला हे सुचायचंच. पण तिथे थांबली असती तर ती प्रणिता कसली! मधल्या धाग्याला दोन्ही बाजूंचे शेजारी धरून असतात, काठाच्या धाग्याला एकाच बाजूचा. मग नेमके किती बंध, कोणता आधी तुटतो, कोणता पुन्हा जुळतो, हे क्षणाक्षणाला मोजणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला. त्यासाठी तिला सुपरकॉम्प्युटरवरचे आकड्यांचे ते ढीग बघायला हवे होते, म्हणून रवीनं तिला आपला पासवर्ड दिला. निधीची बस सकाळी नऊला यायची आणि दुपारी दोनला परत. नऊ ते दोन प्रणिता त्या सुपरकॉम्प्युटरवर असायची. त्या हिवाळ्यात मी तिला जितकं खूश पाहिलं तितकं पुन्हा कधीच नाही. भाजी जळायची, फोन वाजत राहायचा, आणि ही दार उघडायची ती हातात पेन्सिल घेऊन.

हे काम आहे असं आम्हा कुणालाच वाटलं नाही. खरंच सांगते. नवऱ्याच्या शर्टाचं बटण शिवणं आणि नवऱ्याचे बंध मोजणं, दोन्ही घरातलंच. पगार नाही, ऑफिस नाही, मग कसलं काम? दिवसभर लोकांच्या चुका काढणारी मी, मला ही एवढी मोठी चूक दिसली नाही. उलट मी कौतुकानं चारजणींना सांगितलं.

काठाच्या धाग्याचं उत्तर २००७ च्या फेब्रुवारीत आलं. जोर एकदम कमी, बुरशीला परवडेल इतका. रवीची बॉस लॉइस, साठीची, पांढऱ्या केसांची, नॉर्थ कॅरोलिनाच्याच एका खेड्यातली बाई. ती आनंदानं रवीच्या खांद्यावर थाप मारून गेली. पेपर लिहायला घेतला. प्रणिताचं नाव घालू या, असं रवी म्हणाला. प्रणिताच म्हणाली, "नको, आधी ग्रीन कार्ड होऊ द्या."

एप्रिलमध्ये रवीला ईमेल आली. सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी नोंदी तपासल्या होत्या. गेले सहा महिने तुमच्या खात्यात कामाच्या दिवशी नऊ ते दोन या वेळात तुमच्या घरच्या पत्त्यावरून कुणीतरी येतं, आणि त्याच वेळी तुमचा बॅज सांगतो की तुम्ही संस्थेच्या इमारतीत आहात. कृपया खुलासा करावा. खातं बंद.

रवी दुपारीच घरी आला. प्रणितानं मला फोन केला, पण फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी बँकेतून निघून तशीच गेले. दोघं सोफ्यावर दोन टोकांना बसले होते. रवीचे हात मांड्यांवर पालथे, डॉक्टरकडे बसल्यासारखे. मग प्रणिता उठून प्रत्येक खिडकीचा पट्ट्यांचा पडदा खाली करत गेली, भर उन्हाळी दुपारी.

"ताई, ते म्हणतील मी काम केलं," ती म्हणाली. "एच-फोरवर काम म्हणजे इथं राहायचं स्टेटस गेलं. यांचं पण. निधीचं पण."

"काम कसलं? पैसे घेतलेस का?"

"पैसे नसले तरी काम धरतात. मी वाचलं आहे."

मग आम्ही तिघांनी मिळून ते वाचलं, आणि तिथेच आमचं डोकं फिरलं. इमिग्रेशनच्या त्या इंटरनेट फोरमवर जाऊ नये माणसानं. कुणाच्या बायकोनं देसी किराणा दुकानात काउंटरवर उभं राहून मदत केली, म्हणे तिला परत पाठवलं. कुणी देवळात स्वयंपाक केला, त्याचीही चौकशी झाली. खरं किती आणि थापा किती, देव जाणे. शिवाय हे तर सरकारी कॉम्प्युटर, आणि आपण परदेशी. ९/११ च्या हल्ल्यानंतरच्या त्या वर्षांत नुसतं ‘परदेशी’ आणि ‘सरकारी’ हे दोन शब्द एका कागदावर आले, तरी माणसाची झोप उडायची.

त्यानंतरचे तीन आठवडे प्रणिता जगली ते भीतीवर. दारावर टकटक झाली की नळ बंद करून स्तब्ध उभी राहायची. निधीला बजावून ठेवलं होतं, आई कॉम्प्युटरवर काय करते असं शाळेत कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. पोर म्हणायची, "बट व्हाय, आई? यू आर सो गुड ॲट इट." ती टपालपेटी उघडायला मला सोबत घेऊन जायची. किल्ली माझ्या हातात द्यायची आणि स्वतः पूलकडे तोंड करून उभी राहायची. मी चेष्टा करायचं बंद केलं होतं. मलाही आता ती पेटी उघडताना धडधडायचं.

मे महिन्यात संस्थेनं प्रणिताला पत्र पाठवून बोलावलं. रवीची जबानी आधी झाली होती, त्यात तो एवढंच म्हणाला होता की पासवर्ड बायकोला माहीत होता, पुढचं तिला विचारा. मला त्याचा राग आला. पण तो भित्रा होता, वाईट नव्हता. बायकोच्या तोंडचं आपण बोलू नये असं त्याला वाटलं असेल, किंवा बोलायची हिंमत झाली नसेल. पत्रात लिहिलं होतं, दुभाषी हवा असल्यास आणावा. प्रणिता इंग्रजी पेपर घडाघडा वाचायची, पण बोलायची वेळ आली की तिचे शब्द घशात अडकायचे. म्हणून दुभाषी मी.

गाडी मीच चालवत होते. प्रणितानं मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि मांडीवर ती दाखल्यांची फाइल. हायवेवर ती म्हणाली, "ताई, मी खरं सांगणार आहे."

"काय खरं?"

"मी प्रोग्रॅम लिहिला. काठाचा धागा मी म्हटलं. चूक पासवर्डची आहे, ती कबूल करीन. पण केलं ते केलं म्हणीन."

"वेड लागलंय का तुला? एका वाक्यात घर उठेल तुमचं! सांग, नुसती चित्रं बघत होते. बायका टीव्ही बघतात, तू हे बघत होतीस. कोण काय करणार आहे?"

"लिहून देतील ते, ताई. लिहून दिलं की ते तसंच राहते."

मी म्हटलं, "राहू दे की मग." आणि बोलण्याच्या नादात एक्झिट चुकले.

खोली लहान होती आणि एसी इतका की दात वाजावेत. टेबलापलीकडे लॉइस, आणि तिच्या शेजारी सुरक्षा विभागाचा एक माणूस लॅपटॉप उघडून. माणूस सभ्य होता, त्यानं आम्हाला पाणी दिलं. तो जितका सभ्यपणे बोलत होता तितकी मी जास्त घाबरत होते. नाव, पत्ता, व्हिसा. प्रणितानं स्वतःच उत्तरं दिली. मग त्यानं विचारलं, त्या खात्यात शिरून तुम्ही काय करत होता?

प्रणिता माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली, सावकाश, जणू पाठ करून आणलं होतं. "सांगा त्यांना, बंध मोजायचा प्रोग्रॅम मी लिहिला. मधला धागा सोडून काठाचा घ्या, हे पण मीच म्हटलं होतं. पासवर्ड वापरला ती चूक झाली, त्याची माफी मागते. पण काम माझं आहे."

दोघं माझ्याकडे बघत होते. त्या माणसाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. मला निधी दिसली, शाळेच्या बसमधून उतरणारी. मला विमानतळ दिसला. माझ्या स्वतःच्या ग्रीन कार्डाचा अर्जही तेव्हा पडून होता. दुभाषी म्हणून मी कुठल्या कागदावर सही केली आहे, याचाही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू, तो विचार आलाच.

मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, तिला ती चित्रं आवडतात. नवरा ऑफिसात असताना ती उघडून बघायची. बाकी काही केलं नाही. पासवर्ड वापरल्याबद्दल ती माफी मागते."

प्रणिताला शब्दन् शब्द कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि मला खाली बघावं लागलं.

माणसानं टाइप केलं. लॉइस थोडी पुढे झुकली आणि थेट प्रणितालाच विचारलं, "मोजायचा प्रोग्रॅम मग रवीनं लिहिला?"

अजूनही वेळ होती. ‘नो’ म्हणायला इंग्रजी यावं लागत नाही. पण आता ‘नो’ म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते, रवीवर बालंट आलं असतं, आणि ती स्वतः तर आधीच अडकलेली होती. माझ्या एका वाक्यानं मी तिची सगळी दारं बंद केली होती. प्रणिता म्हणाली, "यस."

मग तीन ओळींचा कागद छापून आला. मी खात्यातील चित्रे केवळ पाहिली. कोणतेही काम केले नाही. तिनं तो एकदा वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. पेन मीच पुढे केलं. सही करताना तिनं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

आम्ही वाचलो. रवीला ताकीद मिळाली, महिन्याभरात खातं परत सुरू झालं. मी घरोघर सांगत सुटले नाही एवढंच, पण मनातून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. ऐनवेळी डोकं चालवलं म्हणून. वर्षअखेरीस पेपर छापून आला, शेवटी आभारांत एक ओळ होती, पत्नीच्या सहनशीलतेबद्दल. रवीनं तो अंक घरी आणला तेव्हा प्रणितानं तो निधीच्या वह्यांच्या खाली ठेवून दिला. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. डाळ-तांदळाला बरोबर जायचो. त्या खोलीचा विषय मात्र तिनं कधी काढला नाही, आणि माझीही छाती झाली नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत एक विचित्र गोष्ट झाली होती. वर्षानुवर्षं रखडलेल्या ग्रीन कार्डाच्या तारखा सरकारनं अचानक सगळ्यांसाठी एकदम खुल्या केल्या. सगळ्या देशी लोकांनी धावाधाव करून अर्ज भरले. रामटेक्यांनीही भरला. आणि नोव्हेंबरात प्रणिताला काम करायच्या परवानगीचं कार्ड आलं. छोटंसं, फोटोवालं. पेटी मीच उघडली होती. मी रस्त्यावरच तिला मिठी मारली. आता काय, आता झालीस मोकळी! ती कार्ड उलटंपालटं करून बघत म्हणाली, "कोणाला दाखवावं लागेल का हे?"

जानेवारीत लॉइसनं नोकरीची जाहिरात काढली. एन्झाइमच्या मॉडेलमधले आकडे तपासायला, मोजणारे प्रोग्रॅम लिहायला माणूस पाहिजे. मी ती छापून प्रणिताच्या पुढे आपटली. "ही जागा तुझ्यासाठीच काढलीय. कर अर्ज." तिनं केला. एम.एस्सी. लिहिलं, क्लासमध्ये शिकवल्याचं लिहिलं. अनुभवाच्या रकान्याशी येऊन थांबली. मी म्हटलं, "लिही ना, बंध मोजायचा प्रोग्रॅम…" आणि माझं मीच थांबले. तिनं रकान्यात एक आडवी रेघ मारली.

तरी बोलावणं आलं. २००८ चा फेब्रुवारी. मीच तिला घेऊन गेले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. वाटलं होतं, अर्धा तास लागेल. ती वीस मिनिटांत परत आली. कोटावर पाहुण्याचं स्टिकर तसंच होतं. गाडीत बसली, दार लावलं, पट्टा लावला.

"काय झालं?"

"नाही होणार."

"अगं, पण विचारलं काय?"

मग तिनं सांगितलं. लॉइसनं पडद्यावर नवं मॉडेल लावलं होतं. धागा बोगद्यात शिरतो, दोन मणी कापले जातात, आणि तिथेच सगळं अडतं. मागून कितीही ढकललं तरी धागा पुढे सरकत नाही. दोन महिने त्यांना कारण सापडत नव्हतं. लॉइसनं विचारलं, तू असतीस तर सगळ्यात आधी काय बघितलं असतंस?

"मग?"

"मला पाहिल्याबरोबर दिसलं, ताई."

"आणि काय सांगितलंस?"

"आय डोन्ट नो म्हटलं."

मी ओरडलेच. गाडीच्या काचा बंद होत्या म्हणून बरं. का? का नाही सांगितलंस? कार्ड आहे ना आता तुझ्याकडे? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर विचारलं असतं, हे कुठं शिकली? मी लिहून दिलं आहे, मी काम केलं नाही. ग्रीन कार्ड व्हायचं आहे अजून. तिथं पण विचारतात, कधी खोटं लिहून दिलं का म्हणून." तिच्या ओठांवर घाम होता, फेब्रुवारीत. "त्या बाईनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर अशी पाहून राहिली होती, जसं तिला माहीतच आहे. मला वाटलं, पकडते आता. मी म्हटलं, सॉरी, मला यातलं काही समजत नाही. आणि उठली."

लॉइसनं पकडायला विचारलं होतं की हात द्यायला, हे मला आजही ठाऊक नाही. प्रणितालाही कळायचा मार्ग नव्हता. घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, आणि तिला इतकं घाबरवण्यात माझा मोठा वाटा होता. मी तसं म्हणालेही. "माझ्यामुळे झालं हे. त्या दिवशी तू सांगितलंस तेच मी सांगायला हवं होतं. मी घाबरले गं. चुकलं माझं." नऊ महिन्यांनी बोलले. ती "असू द्या" म्हणाली नाही.

तिनं डॅशबोर्डवरचा कागद घेतला. येण्याच्या रस्त्याचं, इंटरनेटवरून छापून आणलेलं वर्णन होतं त्यावर. मागची कोरी बाजू वर केली, पर्समधून पेन काढलं. एक बोगदा काढला, त्यातून जाणारा धागा काढला, आणि बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी दोन मणी. मग ती बोलायला लागली. हे कापलेले दोन मणी बाहेर पडलेच नाहीत. ते तोंडाशीच चिकटून बसलेत. पुढची जागा रिकामी नाही, तर मागचा धागा सरकेल कसा? ते लोक मागून ढकलून राहिले. आधी हे दोन मणी कोणाला धरून बसलेत ते मोजायला पाहिजे, बोगद्याच्या भिंतीतला कोणता हात सोडत नाही ते. त्यासाठी प्रोग्रॅम असा लिहावा लागेल. तिनं खाली चार ओळी लिहिल्या, मग एक खोडून पुन्हा लिहिली. आवाजातला कापरेपणा गेला होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं ती न अडखळता बोलत होती आणि मी मान हलवत होते. त्यातला पाव हिस्साही मला कळत नव्हता.

"बरोबर आहे ना, ताई?" तिनं विचारलं.

मी बँकेच्या सॉफ्टवेअरची टेस्टर. पण तिला विचारायला दुसरं माणूस नव्हतं. जिला विचारायला हवं होतं ती समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसली होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं कागदाकडे आणखी एकदा नीट पाहिलं. मग त्याचे बारीक बारीक तुकडे केले, इतके बारीक की एकावरही अख्खं अक्षर राहू नये. पार्किंगच्या कडेला कचऱ्याचा डबा होता. मी हात पुढे केला, म्हटलं दे, टाकून येते. तिनं मूठ मिटून घेतली.

"इथल्या डब्यात नको, ताई," ती म्हणाली. "अक्षर माझं आहे."